ती सही माझीच होती, हणमंता

हणमंता,

तुझ्या दहाव्याला आबांनी माईक हातात घेतला आणि तुला ‘गावाच्या एकीसाठी झिजलेला माणूस’ म्हणाले. तू असतास तर हसता हसता घाटाच्या पायरीवरून नदीत गेला असतास. पाच वर्षांपूर्वी याच आबांनी देवळात, याच आवाजात, तुला गावफोड्या म्हटलं होतं. तेव्हा माईक नव्हता एवढाच फरक.

मग माझं नाव पुकारलं. “हणमंतरावांचे बालमित्र, भाताच्या गिरणीचे मालक शंकरराव दोन शब्द बोलतील.” मी उठलो. माईक खरखरला. समोर तुझी पोर रोहिणी बायकांच्यात बसली होती, मान वर करून. मी म्हणालो, “हणमंता चांगला माणूस होता,” आणि बसलो. दोन शब्द मागितले होते, मी चार दिले. एवढंच काय ते औदार्य.

तू मला मुका म्हणायचास. “मुक्या, आरं दोन मुलांचा बाप झालास, आता तरी आवाज फुटंल का न्हाई?” माझा आवाज पहिल्यांदा फुटला तो वेल्ह्याला तहसील कचेरीत, आणि तोही नको तिथं. तेच आता लिहायला बसलोय. हा कागद तुझ्या हाती पडणार नाही हे मला कळतं. पण गावातले वाचतील, आणि तेवढ्यासाठीच तो छापायला देतोय.

आम्ही खाली भाताची माणसं, तुम्ही वर डोंगराच्या पदरात शेळ्यांची. शाळेसाठी तू तासभराची वाट उतरून यायचास. ओढ्याला पाणी चढलं की तुझी परतीची वाट बंद, मग मुक्काम आमच्याकडं. आई दोन भाकऱ्या जास्त थापायची आणि म्हणायची, “हणमा हाय म्हणून आमचं हे तोंड तरी उघडतंय.” आपल्या दोघांत तुझा मुलगा कोण हे तिला विचारलं असतं तर तिनं जरा विचार केला असता.

सातवीत दाखल्यावर सही करायची होती तेव्हा मी नुसतं ‘शंकर’ लिहिलं. तुला ते पटेना. “ही काय सही हाय व्हय? ही तर शेजारची म्हातारीबी करंल.” पाटी घेतलीस आणि माझ्या र-ची शेपटी ओढून सगळ्या नावाखालनं मागं नेलीस, आणि टोकाला एक वळसा दिलास. तुझ्या बापाच्या हातात शेळ्यांसाठी पाला ओढायची आकडी असायची, तशी. म्हणालास, “सहीला आकडी पायजे. न्हाईतर कुणीबी उचलून नेईल.” चाळीस वर्षांच्या आसपास मी तीच सही केली. बँकेत, गिरणीच्या परवान्यावर, लग्नाच्या नोंदीत. माझ्या नावाखाली तुझ्या बापाची आकडी.

आणि एका सकाळी मी सरकारी माणसापुढं उभं राहून म्हटलं, ही सही माझी नाही.

सांगायचं होतं ते हेच. पण एका ओळीत सांगून सुटता येत नाही.

गिरणी चालू असली की दोन माणसांना बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. तुला त्याचं काही वाटायचं नाही. तू भाताच्या थप्पीवर बसायचास आणि गावचं राजकारण माझ्या कानात ओतायचास. एकदा ऐन गर्दीत वीज गेली. पट्टा थांबला, सगळं गपगार झालं, आणि त्या शांततेत तुझा आवाज: “आबाच्या ओसरीवर सरपंच पिकायचा बंद झाला पायजे!” रांगेत आबांचा थोरला मुलगा पोतं घेऊन उभा. कुणी हलेना. तू त्याच पट्टीत म्हणालास, “आन् हे माझं म्हणनं न्हाई, कायद्याचं हाय!” थोरल्यालाही हसू आलं. त्या दिवशी आलं. पुढं नाही आलं.

कायदा तुझ्या बाजूनं होता, निदान त्या साली होता. सरपंच थेट जनतेनं निवडायचा असं सरकारनं ठरवलं, मग मोडलं, मग पुन्हा आणलं. “सरकारचं आपल्या येष्टीवानी,” तू म्हणायचास. “पाटी येका गावाची, गाडी दुसऱ्याच गावाला.” पण ती पाटी पुन्हा आपल्या गावाची लागली तेव्हा तू दारात जाऊन उभा राहिलास. मेंबरांनी सरपंच निवडायचा तर वरच्या वाड्यांचे मेंबर थोडे, खालचे जास्त. तुमचा माणूस जन्मात त्या खुर्चीवर बसणार नव्हता. थेट मतदानात मात्र सगळ्या वाड्यांची मतं एका जागी पडणार होती. शिवाय त्या वेळी जागा खुली निघाली होती.

अडचण कायद्याची नव्हतीच. अडचण नारळाची होती. आपल्याकडं सरपंचासाठी मतदान कधी झालंच नव्हतं. अर्ज भरायच्या आधी देवळात बैठक. आबा एक नाव घेणार, पुजारी त्या माणसाच्या हातात नारळ देणार, तो देवापुढं फुटला की सरपंच ठरला. मग अर्जही तेवढा एकच. पेपरात छापून यायचं, गावाची एकी, निवडणूक बिनविरोध. वाड्यांवरचे लोक बैठकीला यायचे आणि पायरीवर बसायचे. त्यांना तिथं कुणी बसवलं नव्हतं. आत या, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

तूच पहिल्यांदा पायरीवरून बोललास. “आबा, नारळ फोडा, खोबरं खाऊ. पर सरपंच मतानं ठरू द्या.”

आबा शांतपणे म्हणाले, “हणमंता, मतदान आलं की भाऊ भावाचा बांध कोरतो. पलीकडच्या गावात बघ. निकाल लागला आन् ठरल्याली सोयरीक मोडली. गाव येक हाय, येक राहू दे.”

“गाव येक हाय तर आमी पायरीवर का?”

“मग ये की आत. कुणी अडवलंय?”

सगळे हसले. तूही हसलास, पण आत गेला नाहीस. मी आत बसलो होतो, खांबाला टेकून. मीही हसलो असेन.

एक कबूल करतो, कारण आता कबूलच करायला बसलोय. तुझं सगळं मला पटलं होतं असं नाही. पलीकडच्या गावात माझी बहीण दिलेली आहे. तिथल्या मतदानानंतर तिच्या दिरानं तिच्या घरी येणारी पाण्याची नळी कापली, आणि ती दोन घरं अजून एकमेकांच्या दारात जात नाहीत. हे तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, “भांडन मशिनीतनं येत न्हाई, शंकऱ्या. आधीच असतंय. मशिनीतनं निस्तं दिसतंय.” मी म्हटलं, काही गोष्टी न दिसलेल्या बऱ्या. तू भडकलास. “तुला बऱ्या! तू खाली ऱ्हातोस!” आणि उठून गेलास. तो वाद आपण पुन्हा उकरला नाही. पण तू उठून जायला नको होतंस.

तुला खुर्ची कशासाठी हवी होती हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. रस्त्यासाठी. वाडीवरून खाली यायला गाडीवाट नाही. आजारी माणूस झोळीत घालून बांबूवरनं उतरवायचा. रोहिणीच्या वेळी सुमनवहिनींना तसंच उतरवलं होतं. ती अर्ध्या वाटेत, करवंदीच्या जाळीशी झाली. तू तिला चिडवायचास, “हिचा जल्मदाखला कुठल्या गावचा काढायचा? ही तर वाटंवरची.” दर सरपंचाकडं तू रस्ता मागितलास. दर सरपंच म्हणाला, बघू.

अर्ज घेऊन तू गिरणीत आलास तेव्हा दुपार होती. सूचकाच्या जागी बोट ठेवलंस. म्हणजे या माणसाचं नाव मी सुचवतो असं लिहून देणारा मतदार. मी विचारलं, वाडीवर सही करणारे कमी आहेत का? तू म्हणालास, “लई हायत. पर मग ती वाडीची निवडनूक व्हईल. तुझी येक सही म्हंजी खालचं गाव माझ्या कागदावर आलं.”

मी पोत्यावर कागद ठेवून सही केली. आकडीसकट. तू फुंकर मारून शाई वाळवलीस. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. आपण कधी नव्हे ते काहीतरी बोललो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आबा घरी आले. आई तेव्हा खाटेवर होती. उठणं-बसणं राहिलंच होतं. आबा खाटेवर तिच्या पायाशी बसले. तिची चौकशी केली, औषधं विचारली. चहा बशीत ओतून प्यायले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “म्हातारीचं वय झालं, शंकर. आज ना उद्या. आपल्यात रीत हाय ती चांगली हाय बघ. घरटी येक मानूस, घरटी येक लाकूड. कुणाला बोलवायला जावं लागत न्हाई. गाव येक हाय म्हनून.” बशी खाली ठेवली. “छाननी परवा हाय. तुझी सही खरी का खोटी, अशी हरकत घेतलीय पोरांनी. तू काय ते सांगशीलच.”

धमकी नव्हती. कुणालाही विचार, चौकशीला आले होते. आई त्यांना म्हणाली, “आबासायेब, येत जावा.”

दोन दिवस मला एकच दिसत होतं. अंगणात आई ठेवलेली आहे, आणि मी फाटकाकडं बघतोय, आणि फाटकातून कुणी येत नाही. चौथा खांदेकरी मिळत नाही म्हणून मी माझ्या पोराला शाळेतून बोलावतोय. हसशील, पण मी सरपण मोजलं. माळ्यावर जेवढं होतं तेवढ्यात भागेल का, याचा अंदाज घेतला. जिवंत आई खाली खोकत होती.

छाननीच्या दिवशी कचेरीत तू माझ्या आधी आला होतास. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. अधिकारी तरुण होता, सरळ माणूस. त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला. “ही सही तुमची आहे का?”

मी आकडीकडं बघितलं.

“न्हाई.”

“नीट बघून सांगा.”

“माझी न्हाई, साहेब.”

त्यानं तसं लिहून मागितलं. मी लिहून दिलं, आणि खाली सही करायची वेळ आली तेव्हा हात थांबला. कारण हाताला सही एकच येत होती. मग मी सुटी अक्षरं काढली, पहिलीतल्या पोरासारखी. शंकर. शेपटी नाही, वळसा नाही. अधिकाऱ्यानं दोन्ही सह्या शेजारी धरून पाहिल्या आणि तुझा अर्ज बाद केला. त्याचा काय दोष? त्याच्यापुढं दोन वेगळ्या सह्या होत्या.

ती खोटी सही मग मला निभावावी लागली. खोटं एकदा बोलून भागत नाही. मी बँकेत अर्ज देऊन नमुना बदलला. परवान्यावर बदलली. बायकोनं विचारलं तर हात थरथरतो म्हणालो. गेली पाच वर्षं मी म्हातारीसारखी सही करतोय, जी शेजारचं कुणीही करेल.

तू तिथं ओरडशील असं मला वाटलं होतं. मी तयारीत होतो. गचांडी धरशील, थोबाडशील, निदान ‘अरे मुक्या’ म्हणशील. तू कागदाची घडी घातलीस, खिशात ठेवलीस, बाहेर आलास. पायरीवर माझ्याजवळ थांबलास आणि म्हणालास, “म्हातारीला बरं हाय न्हवं?”

एवढंच. आणि निघून गेलास.

हणमंता, तुझ्यावर माझा राग आहे तो या वाक्याचा आहे. पाच वर्षं मी ते वाक्य उलटसुलट करून बघतोय. तुला कळलं होतं का? आबा येऊन गेले हे कुणी सांगितलं होतं का? का तू खरंच आईची चौकशी केलीस, सवयीनं, जशी नेहमी करायचास? कळलं असेल तर तू मला माफ केलंस की पाणउतारा केलास? मला फेडता येईल असं काहीतरी ठेवायचं होतंस. एक शिवी तरी. तू शिवी द्यायलाही कंजुषी केलीस.

त्या साली सरपंच बिनविरोध झाला. पेपरात गावाच्या एकीचं कौतुक आलं. रस्त्याचं सरपंच म्हणाला, बघू.

तू आमच्या घरी यायचा थांबलास. गिरणीवर मात्र यायचास. दुसरीकडं जायचं तर लांब पडतं. पोतं ठेवायचास, रांगेत उभा राहायचास. ‘दोन पोती हायत’ यापलीकडं शब्द नाही. गिरणी चालू असायची, पण आता तुला ओरडायचं काही नव्हतं.

आई विचारायची, “हणमा का येत न्हाई रं?” मी सांगायचो, पुण्याला कामाला गेलाय. ती म्हणायची, “आन् मला न सांगता? भांडला का तू त्याच्याशी?” मी म्हणायचो, नाही. तेही खरंच होतं म्हणा, भांडलो कुठं होतो? शेवटच्या आठवड्यात तिनं दोनदा तुझं नाव घेतलं. तू तासाभराच्या वाटेवर होतास. मी फोन उचलला आणि ठेवला. छाननीच्या दिवसापेक्षा हे मोठं आहे, आणि हे आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं. ती तुला बघायला मागत होती आणि मी तुला बोलावलं नाही. तू आला असतास तर तिच्यासमोर काय बोलशील, याची मला भीती वाटली.

ती गेली तेव्हा सगळं गाव आलं. आबांनी शब्द पाळला. घरटी एक माणूस, घरटी एक लाकूड. पण फाटकातून पहिला आत आला तो तू. अजून वरच्या आळीला कळलंही नव्हतं, तुला कुणी कळवलं कुणास ठाऊक, आणि तू एवढं लांबून खांद्यावर आंब्याचं ओंडकं घेऊन आलास. एकट्यानं उतरवलं होतंस. खांद्यावर शर्ट फाटला होता. ते भिंतीशी ठेवलंस, आईच्या पायावर डोकं ठेवलंस, आणि बांबू बांधायला बसलास.

म्हणजे मी तुला विकून जे घेतलं, ते मला तुझ्याकडून फुकटच मिळणार होतं.

आता तुझं. सकाळी सातच्या सुमारास रोहिणीचा फोन आला. “काका, टेम्पो घेऊन पायथ्याला या. अण्णांच्या छातीत दुखतंय. झोळी काढलीय.” पाच वर्षांत तुझ्या घरून मला आलेला तो पहिला फोन. मी टेम्पो वाट संपते तिथं नेऊन उलटा लावला, तोंड भोरकडं. फाळका पाडला, गोणपाटं अंथरली. इंजिन बंद केलं नाही. वर बघत उभा राहिलो. झाडीत माणसं दिसायची, वळणाला गडप व्हायची. तासभर. रस्ता असता तर मी दहा मिनिटांत दारात आलो असतो, हे मी त्या तासात किती वेळा मोजलं ते विचारू नकोस.

करवंदीच्या जाळीशी ते थांबले. मला खालून दिसलं. झोळी टेकवली, कुणीतरी वाकलं, मग बराच वेळ कुणीच हललं नाही. मग पुन्हा उचलली आणि निघाले, पण आता घाई नव्हती. चालण्यातच कळतं. मी टेम्पोचं इंजिन बंद केलं.

तू सरपंच झाला असतास तर रस्ता झालाच असता असं नाही. तूही हरला असतास कदाचित. किंवा निवडून येऊन कागद हलवत बसला असतास. लोक मला समजूत घालायला हेच सांगतील म्हणून आधीच लिहून ठेवतो. प्रश्न तो नाही. पाच वर्षांपूर्वी तुला हरायचा हक्क होता. तो मी घेतला.

तुझ्या तेराव्यानंतर मी वाडीवर चढलो. ग्रामपंचायतीची निवडणूक पुन्हा लागली होती. जागा या वेळी बाईला राखीव निघाली, आणि आबांच्या धाकट्या सुनेचं नाव देवळात ठरणार अशी बातमी होती. सुनेला अजून कुणी विचारलं नव्हतं म्हणे. रोहिणी अर्ज भरणार हेही कळलं होतं. भोरला शिकून परत वाडीवर आलेली एवढी एकच पोर, तुझ्यासारखंच नाक वर.

मी म्हणालो, “सूचक म्हणून माझी सही घे.”

ती चूल फुंकत होती. वळलीच नाही. “नको काका. तुमची सही टिकत न्हाई.”

सुमनवहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी हात पुढं केला, अंगठा वर करून. “म्या देनार हाय. सायबाफुडं जाऊन देनार. सहीपरीस अंगठा बरा, शंकरभावजी. त्यो फिरत न्हाई.”

मला उठवेना आणि बसवेना. विचारलं, मग मी काय करू?

रोहिणी आता वळली. “अण्णांनी त्यो बाद झाल्याला कागद जपून ठिवलाय. म्या विचारलं, ही सही कुणाची? तर म्हनाले, मित्राची हाय, पर त्याला इचारू नको, त्याला तरास हुईल.” फुंकणी खाली ठेवली. “म्या इचारत न्हाई. तुमीच सांगा. हितं नको. देवळात सांगा, सगळ्यांफुडं.”

तर मी का फिरलो ते तुला कळलं होतं. निदान एवढं तरी आता मला कळलं.

देवळातल्या बैठकीत आधी तुला श्रद्धांजली झाली. दोन मिनिटं उभे राहिलो. मग आबांनी सुनेचं नाव घेतलं, पुजाऱ्यानं नारळ उचलला. सून तिथं नव्हतीच, म्हणून धाकट्या मुलाच्या हातात दिला. मी खांबाजवळून उठलो.

“आबा, नारळ थांबवा.”

माझा आवाज ओळखीचा नसल्यामुळं लोकांनी आधी भलतीकडं पाहिलं.

“मागच्या वेळी हणमंताच्या अर्जावर सही होती ती माझी होती. मी वेल्ह्याला जाऊन खोटं बोललो.”

आबा म्हणाले, “बस खाली. मानूस गेला. आता कशाला उकरतोस?”

“आबा, तुम्ही आईच्या खाटेवर बसून...”

“काय म्हनलो मी तुझ्या आईला? चा पिऊन गेलो.” आणि चारही बाजूंना पाहिलं. “म्हनलो असंन तर सांग.”

मी काय सांगणार? म्हणाले नव्हतेच काही. सगळं मीच ऐकलं होतं.

मागून कुणीतरी बोललं, “शंकऱ्या, तुझ्याबी घरी वेळ येनार हाय. खांद्याला कोन येनार हाय बघून ठेव.”

मी म्हणालो, “जो पहिला यायचा तो गेला.”

नारळ फुटला. फुटायचाच होता. खोबऱ्याचे तुकडे वाटत आले, माझ्या शेजारच्याला मिळाला, पुढच्याला मिळाला. पायरीवर रोहिणी उठली. मला वाटलं ती माझ्याकडं बघेल. तिनं चपला घातल्या आणि वाडीच्या वाटेला लागली. तिला अर्जाची तयारी करायची होती.

परवा छाननी झाली. मी कचेरीच्या बाहेर उभा होतो, त्याच पायरीशी. आत हरकत घेतली गेली, मागच्यासारखीच. अधिकाऱ्यानं विचारलं असणार, हा अंगठा तुमचा का? सुमनवहिनींचा आवाज मात्र बाहेरपर्यंत आला. “माजाच. ही बघा, शाई अजून गेली न्हाई.”

अर्ज राहिला. दोन अर्ज आहेत. म्हणजे गावात पहिल्यांदा सरपंचासाठी मतदान होणार. तुझी पोर निवडून येईल का, सांगता येत नाही. आबांचं भाकीतही खोटं ठरेल असं नाही. दोन घरांत बोलणं बंद झालंय, त्यातलं एक माझं. तू म्हणाला असतास, आधीच होतं, आता दिसतंय.

या कागदाखाली जुनी सही करावी म्हणून सकाळपासून बसलोय. आकडी जमत नाही. शेपटी मागं नेतो तोवर ठीक, वळसा घेताना हात अडखळतो. तू एका दमात काढली होतीस. वाकडी आली तरी तीच करणार आहे.

बैठकीपासून गिरणीवर एकही पोतं आलेलं नाही. लोक टेम्पोत भात घालून माझ्याच दारावरनं दुसरीकडं नेतात. मी पट्टा उतरवून ठेवलाय. दुपारी तू बसायचास तिथं जाऊन बसतो. पोत्यांची थप्पी नाही आता, नुसता कोबा आहे. इतकं शांत असतं की ओढ्याचं पाणी ऐकू येतं. तू आलास तर ओरडावं लागणार नाही, हणमंता. हळू बोललास तरी चालेल. शिवी दिलीस तरी ऐकू येईल.

शंकर